टॉवर आहे, पण आपल्या कंपनीचा नाही

मागच्या आषाढात एका सकाळी मी चुलतीचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिंडीत उभा होतो. पावसाची भुरभुर चालू होती. आमचं गाव अकोले तालुक्याच्या पश्चिम अंगाला, घाटमाथ्यालगत. खाली गावात सेवा केंद्राचा पोरगा लॅपटॉप उघडून बसला होता, शेजारी चुलती. एका योजनेसाठी तिची ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन खात्री, करायची होती. तिच्या आधारला जो नंबर जोडलाय त्या कंपनीची रेंज गावात नाही, ती खिंडीत येते, चार किलोमीटर वर. लॅपटॉपचं नेट चालतं दुसऱ्या कंपनीवर, तिचा टॉवर शाळेच्या मागेच आहे. म्हणून आम्ही असं ठरवलं होतं की त्यानं बटण दाबायचं, ओटीपी माझ्या हातातल्या फोनवर यायचा आणि मी त्याला फोन लावून सहा आकडे सांगायचे. पहिल्यांदा ओटीपी आला तेव्हा त्याच्याकडं साइट लटकली. दुसऱ्यांदा ओटीपी आलाच नाही. तिसऱ्यांदा जमलं. सव्वादोन तास गेले. आवणीचे दिवस, चुलतीचा अर्धा रोज बुडाला.

संध्याकाळी चुलीपुढं बसल्यावर ती म्हणाली, "मी हितं समोर बसलेय, अन् माझी खात्री डोंगरावरनं करतात व्हय?" तिच्या या प्रश्नाला माझ्याकडं अजून उत्तर नाही.

मी काही वर्षं मोबाईल टॉवरच्या देखभालीचं काम केलंय. साइट डाऊन झाली की जीपमध्ये डिझेलचे कॅन टाकून निघायचं, बॅटऱ्या तपासायच्या, फायबर कुठं तुटलं ते शोधायचं, वर चढून अँटेना आणि डिशची दिशा बघायची. त्यामुळं रेंज म्हटलं की लोकांना फोनवरच्या दांड्या दिसतात, मला त्यामागचं सगळं लटांबर दिसतं. खिंडीतून उतरून गावात आलो तेव्हा चुलतीच्या फोनवर इंग्रजीत तीन शब्द उमटले होते, ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’. गावातल्या बहुतेकांना वाटतं, याचा अर्थ रेंज नाही. अर्थ नेमका उलटा आहे.

फोन चालू केला की तो आधी ऐकतो. प्रत्येक टॉवर सतत पुकारा करत असतो, मी अमुक कंपनीचा, माझा नंबर अमुक. फोन तो पुकारा ऐकतो आणि सिममधल्या यादीशी ताडून बघतो. नाव जुळलं तर त्या जाळ्यात शिरतो. नाही जुळलं, तरी तो टॉवर डोक्यात ठेवतो, कारण ११२ लावायची वेळ आली तर कुठल्याही कंपनीचा टॉवर तो कॉल घेतो, अशी सोय मुळातच केलेली आहे. म्हणजे ते तीन शब्द दिसतात तेव्हा लहरी पोचलेल्या असतात, फोन सक्षम असतो, समोरचा टॉवर जागा असतो. मध्ये डोंगर नसतो, झाडी नसते. नसतो तो फक्त दोन कंपन्यांमधला करार. आणि गंमत नव्हे, दुःख हे की त्याच दोन कंपन्यांची जाळी एकमेकींना जोडलेली आहेत, म्हणूनच मी खिंडीतून एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनला ओटीपी सांगू शकलो.

डोंगराची अडचण खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. ती मी अंगावर घेतलेली आहे. लहरी जितक्या आखूड तितक्या त्या अडथळ्याला लवकर हार जातात. ९०० मेगाहर्ट्झची लहर साधारण ३३ सेंटिमीटर लांब. ती कड्याच्या कोपऱ्यावरून थोडी वळते, भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरते. शहरात फाइव्हजीसाठी वापरतात ती साडेतीन हजार मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर साडेआठ-नऊ सेंटिमीटरची, आणि २६ गिगाहर्ट्झची तर जेमतेम एक सेंटिमीटर. तिला ओल्या पानांचा पडदाही जड जातो. (जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात अशाच मिलिमीटरच्या घरातल्या लहरींनी दूरवर घंटा वाजवून दाखवली होती. आज फाइव्हजीच्या नावानं ज्यांचा गाजावाजा होतो त्या लहरींशी या देशाची ओळख सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.)

आणखी एक गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही. दांड्या दिसतात त्या टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती येतो त्याच्या. तुमचा आवाज टॉवरपर्यंत जातो की नाही, ते त्या सांगत नाहीत. टॉवरवरची यंत्रणा वीस-चाळीस वॅटनं ओरडते. जुन्या टूजीच्या हँडसेटला दोन वॅटपर्यंत बोलता यायचं. आजचा फोरजी फोन बोलतो साधारण ०.२ वॅटनं. म्हणून दरीतल्या वाडीवर दोन दांड्या असतात आणि फॉर्म मात्र ‘सबमिट’ होत नाही. गोल फिरत राहतो. त्यात फोन आपला आवाज चढवत नेतो आणि दुपारपर्यंत बॅटरी संपते. कमी रेंजच्या गावात फोन तापतो, चार्जिंग टिकत नाही, याचं कारण फोन स्वस्तातला आहे एवढंच नसतं.

तर डोंगर खरा. पण डोंगरावर उतारा देणारी लहर सरकारकडंच होती. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा, लांब पल्ल्याचा, खेड्यासाठी सगळ्यात कामाचा. २०१६ च्या लिलावात एका मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये अशी त्याची राखीव किंमत लावली गेली आणि एकाही कंपनीनं बोली लावली नाही. २०२१ मध्येही तो विकला गेला नाही. २०२२ मध्ये, किंमत उतरवल्यावर, एका कंपनीनं घेतला. मधली सहा वर्षं तो आमच्या डोक्यावरून रिकामाच वाहत होता. याच सहा वर्षांत टाळेबंदी आली आणि सह्याद्रीतली पोरं ऑनलाइन शाळेसाठी टेकाडं शोधत फिरली. लहर म्हणजे काही साठवून ठेवायचं धान्य नव्हे. आज वापरली नाही म्हणून उद्या दुप्पट मिळत नाही. गेलेला दिवस गेला.

या लहरी कुणाच्या, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकालात काढला आहे. बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून तो खटला होता. न्यायालयानं म्हटलं, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठी व्हायला हवा. त्याच वर्षी ३१ जुलैला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून तेव्हाचे केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना दिल्लीला देशातला पहिला मोबाईल कॉल लावला. तेव्हा मोबाईल ही चैन होती, येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. चैनीच्या वस्तूचा बाजार जसा चालतो तसा तो चालला, तर तक्रार नव्हती.

पण मग सरकारनंच ती चैन उचलून गरिबाच्या दाराची कडी बनवली. रेशनच्या दुकानात ई-पॉस मशीन आलं, अंगठा सर्व्हरला जुळल्याशिवाय धान्य नाही. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून ॲपवर दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी सक्तीची झाली. अंगणवाडीताईंना नोंदींसाठी पोषण ट्रॅकर हे ॲप आलं. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडीताईंनी सरकारनं दिलेले निकृष्ट फोन परत करून आंदोलन केलं, ते हौस म्हणून नव्हे. पीकविमा, शिष्यवृत्ती, निराधारांचं अनुदान, दाखले, सगळ्याच्या तोंडाशी ओटीपी उभा आहे. रेशन दुकानदार मशीन डोक्यावर धरून दुकानाच्या ओट्यावर इकडून तिकडं फिरतो आणि दोन दांड्या दिसल्या की हाक मारतो, "या लवकर, आलीय!" आणि म्हाताऱ्या बाया ओल्या लुगड्याला अंगठा पुसत त्या मशीनकडं धावतात. आपल्या हक्काच्या धान्यासाठी कुणाला असं धावायला लावणं मला सहन होत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जिथं सरकारनं फोन सक्तीचा केला, तिथं रेंज ही कंपनी आणि गिऱ्हाईक यांच्यातली देवघेव राहत नाही. तिथं ती रस्त्यासारखी, एसटीसारखी होते. एका गावात एकाच कंपनीचा टॉवर असेल, तर त्या गावात तो सगळ्यांचा टॉवर असला पाहिजे. कुठल्याही सिमला तिथं जागा मिळाली पाहिजे आणि त्याचा हिशोब कंपन्यांनी आपसात करावा.

हे अशक्य आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तुम्ही अकोल्याहून बंगळुरूला जाता तेव्हा फोन दुसऱ्या जाळ्यात शिरतो, तुम्हाला कळतही नाही. परदेशात गेलेल्याचा फोन परक्या कंपनीच्या टॉवरवर चालतो. एकाच सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचार परवान्याच्या एकाच विभागात, एका कंपनीच्या सिमनं दुसरीच्या टॉवरवर चालणं, याला इंट्रा-सर्कल रोमिंग म्हणतात. थ्रीजीच्या काळात कंपन्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ते आपसात सुरूही केलं होतं. २०११ मध्ये दूरसंचार विभागानं त्याला हरकत घेतली, आणि कंपन्या लवादात जाऊन २०१४ मध्ये ते जिंकून आल्या. म्हणजे धंद्याला गरज होती तेव्हा तंत्रही होतं आणि वकीलही होते. चक्रीवादळ आलं की आता सरकारच काही दिवसांसाठी हे रोमिंग खुलं करतं. आणि जानेवारी २०२५ मध्ये डिजिटल भारत निधी या खेड्यांसाठीच्या सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरांवर एकापेक्षा जास्त कंपन्यांची सिमं चालावीत अशी सोय केंद्रानं जाहीर केली. वाट योग्य आहे, पण ती सरकारी पैशातल्या टॉवरांपाशी थांबते. आमच्या शाळेमागचा टॉवर कंपनीच्या पैशातला, म्हणून आम्ही त्यात बसत नाही.

कंपन्यांचा आक्षेप मी अनेकदा ऐकलाय आणि तो पोकळ नाही. दुर्गम जागी टॉवर उभा करायला शहरापेक्षा जास्त खर्च येतो, डिझेल वर न्यायला लागतं, गिऱ्हाईक थोडं. पहिल्यांदा जाऊन ज्यानं पैसा घातला त्याच्या टॉवरवर बाकीचे आयते येऊन बसणार असतील तर पहिला कोण जाईल? हा प्रश्न खरा आहे. माझं उत्तर असं की आयतं कुणी बसूच नये. दुसऱ्या कंपनीचं गिऱ्हाईक त्या टॉवरवर जेवढं बोलेल, जेवढा डेटा वापरेल, तेवढं भाडं तिनं मोजावं, दर दूरसंचार नियामकानं (ट्रायनं) ठरवावा. आज त्या टॉवरवर गावातली निम्मी माणसं चालतात, उद्या सगळी चालतील. ज्यानं खर्च केला त्याची कमाई वाढेल, घटणार नाही. एका वस्तीत तीन कंपन्यांनी तीन लोखंडी सांगाडे उभे करण्यात ना त्यांचा फायदा ना आमचा. शहरात तर एकाच खांबावर तीन-तीन कंपन्यांचे अँटेना टांगलेले असतात, तेव्हा कुणाचा मान जात नाही.

आणि तरीही परवडत नसेल, तर त्यासाठीच तो डिजिटल भारत निधी आहे. १ एप्रिल २००२ पासून कंपन्यांच्या महसुलातला पाच टक्के वाटा खेड्यापाड्यांतल्या सेवेसाठी बाजूला काढला जातो. तो शेवटी तुमच्या-माझ्या रिचार्जमधूनच जातो. वर्षानुवर्षं तो पुरता खर्च झाला नाही. २०२२ मध्ये केंद्रानं रेंज नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. देशात मोबाईल येऊन तेव्हा २७ वर्षं होत आली होती! त्या यादीत ज्या गावांत एकाही कंपनीची रेंज नाही अशी गावं येतात. आमच्यासारखं, एका कंपनीची रेंज असलेलं गाव कागदावर ‘कव्हर्ड’ ठरतं. चुलतीसाठी त्या कव्हर्डला काही अर्थ नाही.

नियामकानं २०२४ च्या नियमांत कंपन्यांना रेंजचे नकाशे आपापल्या संकेतस्थळावर टाकायला लावलेत, ते चांगलं झालं. पण जिथं रेंज नाही तिथला माणूस तो नकाशा बघणार कशावर? तो कागदावर छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे आणि ग्रामसभेनं वाडीवाडीनं तपासला पाहिजे. या वाडीवर फोन लागतो, त्या वाडीवर नाही, पावसाळ्यात लाइट गेली की टॉवर चार तासांत बंद पडतो, हे गावाला जेवढं ठाऊक असतं तेवढं कुठल्याही सॉफ्टवेअरला नसतं. लाइट गेल्यावर टॉवरच्या बॅटऱ्या काही तास तग धरतात, मग डिझेल. रस्ता दरडीनं बंद, डिझेल कोण आणणार? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडात घुसलं तेव्हा श्रीवर्धन-मुरूडकडची माणसं कित्येक दिवस जगापासून तुटली होती. त्याआधी, ३० जुलै २०१४ ला, आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली. मोबाईलला या देशात तेव्हा १९ वर्षं होत आली होती, आणि बाहेरच्या जगाला बातमी दिली ती एसटीच्या चालकानं. नेहमीच्या रस्त्यानं बस घेऊन आला आणि समोर गावच दिसेना. मी घाटात काम करताना ही गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही.

आता ॲप बनवणाऱ्यांशी दोन शब्द. खिशातल्या संगणकाचा पहिला धडा हाच असतो की जोडणी तुटणार. चालत्या माणसाबरोबर यंत्र चालतं, रेंज कमी-जास्त होते, बॅटरी संपते, म्हणून काम असं रचायचं की तुटलं तरी वाया जाऊ नये. टपालखातं हेच करत आलंय. पत्र पेटीत टाकलं की आपलं काम संपलं, गाडी आली की ते पुढं जाईल. ई-पीक पाहणीत बांधावर उभं राहून घेतलेली नोंद फोनमध्ये राहते आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करता येते, ती याच समजुतीनं. आधारच्या कागदावरचा क्यूआर कोडसुद्धा इंटरनेटशिवाय पडताळता येतो, त्यात सरकारची डिजिटल सही असते. चुलती समोर बसलेली, तिच्या हातात आधार, त्यावर तो कोड. डोंगरावर माणूस पाठवायची गरज तंत्रानं निर्माण केलेली नाही. प्रत्येक पायरीला ओटीपी मागायचं ठरवणारा माणूस बहुधा मुंबई-पुण्यात पाच दांड्यांखाली बसलेला असतो, आणि त्याच्या चाचणीत ओटीपी तीन सेकंदांत येतो.

यात एक मोठा धोकाही आहे. बँक सांगते, ओटीपी कुणाला सांगू नका. आमच्याकडं ओटीपी दुसऱ्याला सांगितल्याशिवाय कामच होत नाही. सेवा केंद्राला सांगायचा, भाच्याला सांगायचा, खिंडीतून फोनवर सांगायचा. ओटीपी विचारला की सांगायचा, ही सवय आपणच या माणसांना लावली. उद्या एखादा ठग गोड आवाजात तेच सहा आकडे मागेल तेव्हा त्या बाईला काय म्हणून दोष द्यायचा?

३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ई-केवायसीच्याच एका खटल्यात सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तो खटला ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांचा आणि अंध व्यक्तींचा होता. कॅमेऱ्यापुढं डोळे मिचकावून दाखवा म्हणणाऱ्या यंत्रानं त्यांना दाराबाहेर ठेवलं होतं. आमच्या वाड्यावस्त्यांचं दुखणं वेगळं, पण दार तेच आहे. १९९५ चा निकाल सांगतो लहरी लोकांच्या, २०२५ चा सांगतो दार उघडं असणं हा हक्क. या दोन निकालांच्या मध्ये आमची खिंड आहे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी ठराव मांडला. शब्द साधे ठेवले होते. एक, गावातल्या टॉवरवर सगळ्या कंपन्यांची सिमं चालावीत, तसं दूरसंचार विभागाला कळवावं. दोन, जोवर ते होत नाही तोवर गावातल्या कुणाचंही रेशन, अनुदान किंवा हजेरी ओटीपी न आल्यानं अडवू नये, ग्रामसेवकाच्या समक्ष अंगठा आणि वहीतली नोंद चालावी. चर्चा बरीच झाली. कुणीतरी म्हणालं, दिल्लीपर्यंत जाणार आहे का हा कागद? चुलती पुढच्या रांगेत बसली होती. तिनं हात वर केला आणि सगळ्यांचे हात वर होईपर्यंत खाली घेतला नाही. ठरावाची प्रत मी स्वतः राजूरच्या पोस्टातून रजिस्टर एडीनं पाठवली आहे, पोचपावती घरी ठेवली आहे.